एलिसन ‘वर’ का गेला नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या पातळ्यांवर वीस वर्षं विंगर म्हणून, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळलेल्या केव्हिन एलिसनवरच्या मागच्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. दोन ओळींत वाटेला लावण्यासारखी ती नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. लिहिणारे वाचक कोल्हापूरचे आहेत आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “वीस वर्षांत प्रीमियर लीगचा एकच सामना खेळलेल्या विंगरवर एवढा लेख कशासाठी? दम असता तर जेमी वार्डीसारखा वर आला असता. बेचाळिसाव्या वर्षी गोल मारून जुन्या मॅनेजरच्या तोंडावर जाऊन ओरडणारा माणूस कौतुकाचा विषय कसा होतो? आणि या सगळ्याशी आपला संबंध काय? हे अपयशाचं उदात्तीकरण आहे, तेही विलायती.”

चारही मुद्दे घेतो, पण सारख्या मापाने नाही. काहींत दम आहे, काहींत नाही.

त्या एका सामन्यापासून सुरुवात करू, कारण एलिसनवर कोणीही चार ओळी लिहिल्या की त्यात तो येतोच. १७ मार्च २००१, ओल्ड ट्रॅफर्ड. लेस्टर सिटी मँचेस्टर युनायटेडकडून २-० हरलं आणि त्या दिवशी लेस्टरकडून एलिसन मैदानात उतरला. काही आठवड्यांपूर्वी तो ऑल्ट्रिंगमकडून अर्धव्यावसायिक फुटबॉल खेळत होता. लेस्टरने त्याला ५० हजार पौंडांना उचललं होतं. वय २२.

आता त्या सामन्याच्या आधीचा आठवडा बघा. १० मार्चला एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लेस्टर स्वतःच्या मैदानावर वायकंब वाँडरर्सकडून २-१ हरलं होतं. वायकंब तेव्हा तिसऱ्या पातळीवरचा क्लब. त्यांचे स्ट्रायकर एकामागून एक जायबंदी झाले, म्हणून क्लबने वेबसाइटवर ‘स्ट्रायकर हवा’ अशी हाक दिली. ती बातमी टेलिटेक्स्ट या टीव्हीवरच्या बातमीसेवेवर झळकली आणि त्यातून रॉय एसांडो नावाचा खेळाडू सापडला. विजयी गोल त्यानेच केला. या हरण्यानंतर लेस्टर असं घसरत गेलं की वरच्या जागांची स्वप्नं पाहणारा संघ १३ व्या क्रमांकावर येऊन थांबला. पुढच्या मोसमात मॅनेजर पीटर टेलर यांची सप्टेंबरअखेर उचलबांगडी झाली आणि नोव्हेंबरात एलिसन स्टॉकपोर्ट काउंटीत होता. ज्याने तुम्हाला आणलं तो माणूस गेला की तुमची गाडी निम्म्या रस्त्यात थांबते. नव्या मॅनेजरला स्वतःची माणसं आणायची असतात. एलिसनच्या वाट्याला प्रीमियर लीगचा एकच सामना का आला, याचं उत्तर शोधताना त्याचे पाय जेवढे बघायचे, तेवढंच हे वेळापत्रकही बघायला हवं.

वार्डीचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं. तोही खालूनच लेस्टरला आला. स्टॉक्सब्रिज, हॅलिफॅक्स, फ्लीटवूड आणि मग २०१२ साली १० लाख पौंडांना लेस्टर. तेव्हा वय २५. पण लेस्टरमधला त्याचा पहिला मोसम इतका फिका गेला की फुटबॉल सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं होतं. क्लबच्या लोकांनी त्याची समजूत घातली, मॅनेजर नायजेल पिअरसन टिकले आणि त्याला दुसरा मोसम मिळाला. २०१६ साली तो प्रीमियर लीगचा विजेता झाला. एलिसन हा वार्डी होता असं मी म्हणत नाही, नव्हताच. तो वेग त्याच्याकडे नव्हता. पण ‘दम असता तर वर आला असता’ हे वाक्य वार्डीचं नाव घेऊन म्हणता येत नाही. वार्डीचीच गोष्ट त्याच्या आड येते.

शिवाय ‘एकच सामना’ म्हणताना बाकीचं सगळं गळून पडतं. स्टॉकपोर्ट तेव्हा दुसऱ्या पातळीवर होतं. त्या मोसमात ४६ सामन्यांत २६ गुण मिळवून ते खाली गेलं. इतक्या वाईट संघात रुजू होणं हा स्वतंत्र विषय आहे. लिंकनला लोनवर, म्हणजे काही काळ उसना, जाऊन आला, मग चेस्टर. २००५ च्या जानेवारीत हल सिटीने त्याला एक लाख पौंड मोजून घेतलं, आणि हलचे मॅनेजर कोण? तेच पीटर टेलर. ज्यांनी २००१ साली त्याला हेरलं त्यांनीच चार वर्षांनी पुन्हा बोलावलं. त्या मोसमात हल लीग वनमधून, म्हणजे तिसऱ्या पातळीवरून, वर गेलं. खालच्या पातळ्यांवर नोकऱ्या अशाच लागतात. जाहिरात नसते, मॅनेजरच्या फोनमधला नंबर असतो. एकदा बरोबर काम केलेल्या माणसाचा फोन पुन्हा येणं, हे तिथलं सगळ्यात खरं प्रशस्तिपत्र. हलनंतर ट्रॅनमिअर, परत चेस्टर, रॉदरहॅम, थोडे दिवस ब्रॅडफर्ड आणि २०११ पासून मोरकम.

नकाशावर ही नावं शोधा. एलिसन लिव्हरपूलचा. ट्रॅनमिअर तर मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर, चेस्टर हाकेच्या अंतरावर, स्टॉकपोर्ट आणि मोरकम गाडीने तासा-दीड तासाच्या टप्प्यात. हा योगायोग नाही. वरच्या खेळाडूला क्लब घर देतो, शाळा शोधून देतो. तिसऱ्या-चौथ्या पातळीवर एक-दोन वर्षांच्या करारासाठी कोणी बायकामुलांसह गाव बदलत नाही. तुम्ही ‘कारकीर्द’ म्हणता ती तिथं बहुतेक वेळा एका शहराभोवतीचं वर्तुळ असतं.

रॉदरहॅमचा एक तपशील सांगायचा मोह आवरत नाही. एलिसन तिथं होता तेव्हा क्लबकडे स्वतःचं मैदान नव्हतं. ते शेजारच्या शेफिल्डमधल्या डॉन व्हॅली या अॅथलेटिक्सच्या स्टेडियमवर खेळत. मैदान आणि प्रेक्षक यांच्यात धावपट्टी. विंगरचं सगळं आयुष्य टचलाइनवर जातं. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी घातलेली शिवीही त्याला स्वच्छ ऐकू येते आणि पुष्कळसे विंगर त्याच शिव्यांवर पोसलेले असतात. डॉन व्हॅलीत त्या पोचतच नसणार. तरी त्या संघाने २०१० साली लीग टूच्या, म्हणजे चौथ्या पातळीच्या, प्लेऑफची (वर जाण्याच्या शेवटच्या जागेसाठीच्या सामन्यांची) अंतिम फेरी गाठली आणि वेम्ब्लीवर डॅगनहॅम अँड रेडब्रिजकडून ३-२ मार खाल्ला.

आता मोरकम. तुमच्या आक्षेपाला खरं उत्तर इथं आहे. समुद्रकिनाऱ्यावरचं छोटं गाव, क्लबचं टोपणनाव ‘श्रिंप्स’, म्हणजे आपल्या भाषेत कोळंब्या. मैदानाची क्षमता सहा हजारांच्या आसपास, आणि तेही क्वचित भरणारं. २००७ साली हा क्लब पहिल्यांदाच फुटबॉल लीगमध्ये आला. इंग्लंडच्या वरच्या चार पातळ्यांवर मिळून ९२ क्लब, त्यांतल्या तळाच्या पातळीतून दरवर्षी दोन बाहेर पडतात. मोरकमचं तेव्हाचं सगळं धोरण एका वाक्यात मावायचं: त्या दोघांत आपण नको.

एलिसन तिथं आला तेव्हा ३२ वर्षांचा होता. साधारणपणे याच वयात विंगर संपतात. पाय मंदावतात आणि समोर विशीतला फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, असतो. एलिसन तिथं नऊ वर्षं खेळला. कसा? त्याचा खेळ कधीच फक्त पळण्यावर उभा नव्हता. उंच, धिप्पाड, डावीकडून सुरुवात करून आत सरकणारा, उजवीकडून क्रॉस आला की लांबच्या खांबापाशी फुलबॅकच्या डोक्यावरून हेडर मारणारा. लीग टूमध्ये डिसेंबर-जानेवारीत मैदान जड होतं, चेंडू बराच वेळ हवेत असतो. अशा दिवसांत चपळ विंगरपेक्षा असा विंगर उपयोगाचा. तंत्रज्ञ मंडळींना हा खेळ ओबडधोबड वाटेल. मला तो हुशारीचा वाटतो.

२०१७-१८ चा मोसम घ्या. शेवटच्या दिवशी मोरकम कॉव्हेंट्रीला गेलं आणि ०-० बरोबरीत सुटलं. तिकडे बार्नेटने चेस्टरफिल्डला ३-० हरवलं. दोघांचेही ४६ गुण. मोरकम वाचलं ते गोलफरकावर. ऑक्टोबरातल्या एखाद्या पावसाळी मंगळवारी, हजारभर लोकांसमोर, ३-० ने मागे असताना मारलेला एखादा गोल मे महिन्यात क्लबला लीगमध्ये ठेवतो. तो गोल कोणाच्या हायलाइट्समध्ये नसतो. आणि वाचणं म्हणजे काय, ते एलिसनच्याच जुन्या क्लबांकडे बघून कळतं. चेस्टर २००९ साली लीगमधून बाहेर पडलं आणि २०१० च्या मार्चमध्ये क्लबच बंद झाला. स्टॉकपोर्ट २०११ साली लीगबाहेर गेलं. तिकीट फाडणाऱ्यापासून फिजिओपर्यंत किती जणांची चूल त्या एका जागेवर अवलंबून असते, याचा हिशेब प्रीमियर लीगच्या सामन्यांच्या आकड्यात दिसत नाही.

त्यातही खेळाडू स्वतः कायम अधांतरी. करार ३० जूनला संपतात. मे महिन्यात क्लब यादी लावतो, कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं. एलिसन वयाच्या चाळिशीपर्यंत त्या यादीत ‘ठेवलं’च्या रकान्यात राहिला. तुम्ही याला अपयश म्हणता. माझ्या मते या धंद्यात त्याहून अवघड गोष्टी फार थोड्या आहेत, आणि मूळ लेखात मला एवढंच म्हणायचं होतं. त्याला मी आदर्श वगैरे कुठंही म्हटलेलं नाही.

मॅनेजरसमोर ओरडण्याबद्दल. ते दृश्य मलाही आवडलं नव्हतं. पण त्याची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय त्यावर निकाल देणं बरोबर नाही. मोरकमचे आठ वर्षांचे मॅनेजर जिम बेंटली २०१९ मध्ये गेले, डेरेक अॅडम्स आले, एलिसन संघाबाहेर पडत गेला. मार्च २०२० मध्ये कोविडने मोसम जिथल्या तिथं थांबला, लीग टूचे उरलेले सामने झालेच नाहीत आणि मग त्याला सोडण्यात आलं. नऊ वर्षांनंतर ना शेवटचा सामना, ना टाळ्या. त्या काळात आपण नैराश्यात होतो हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. लिव्हरपूलच्या कष्टकरी वळणाच्या, चाळिशीच्या बाप्याने असं बोलणं तिथंही सोपं नसतं. पुढच्या मोसमात न्यूपोर्ट काउंटीकडून खेळताना मोरकमविरुद्ध गोल केल्यावर अॅडम्ससमोर त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते यातलं. अॅडम्सच्या बाजूनेही बोलता येईल. ४१ वर्षांच्या विंगरला सोडणं हा काही अन्याय नव्हे, आणि त्यांनीच पुढच्या वर्षी मोरकमला वर नेलं.

तेही कसं, तर न्यूपोर्टलाच हरवून. २०२१ च्या प्लेऑफ उपांत्य फेरीत न्यूपोर्टने पहिला सामना २-० जिंकला. दुसऱ्यात फॉरेस्ट ग्रीनने त्यांना घाम फोडला आणि जादा वेळेत तो सामना ४-३ ने घेतला, तरी एकूण ५-४ ने न्यूपोर्ट पुढे गेलं. न्यूपोर्टच्या त्या तीन गोलांतला एक ४२ वर्षांच्या एलिसनचा. तो नसता तर अंतिम फेरीचा प्रश्नच नव्हता. ३१ मे रोजी वेम्ब्लीवर समोर मोरकम. १०७ व्या मिनिटाला कोल स्टॉक्टनची पेनल्टी, १-० आणि मोरकम इतिहासात पहिल्यांदा लीग वनमध्ये. ज्या क्लबाला एलिसनने नऊ वर्षं तळातून वाचवत ठेवलं, तो त्याच्या नव्या क्लबाला हरवून वर गेला. हे मी रचलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की फार जुळवून आणलंय.

राहिला आपला संबंध. तो असलाच पाहिजे हे मला मान्य नाही. पण तुम्ही कोल्हापूरचे म्हणून विचारतो: पाटाकडील तालमीचा विंगर प्रॅक्टिस क्लबविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल करतो, तेव्हा हा आय-लीग खेळलेला नाही म्हणून शाहू स्टेडियममध्ये कोण हाताची घडी घालून बसतं?

आणि संबंधच हवा असेल तर आहेही. टॉटनहॅमकडून खेळलेला रोहन रिकेट्स पुढे एक्झिटर सिटीतून गोव्याच्या धेंपो क्लबात आला होता. मोरकम २०२५ साली लीग टूमधून खाली गेलं, त्या उन्हाळ्यात पगार थकले, पाचव्या पातळीवरच्या नॅशनल लीगने क्लबला निलंबित केलं आणि ऑगस्टमध्ये तो विकत घेतला ‘पंजाब वॉरियर्स’ नावाच्या गटाने. त्यांनी अश्वीर सिंग जोहल या तिशीतल्या शीख प्रशिक्षकाला मॅनेजर केलं. त्यांचा पहिला सामना होता ऑल्ट्रिंगमशी, म्हणजे जिथून एलिसन लेस्टरला गेला त्या क्लबाशी. मोरकम जिंकलं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रिकी हेपोलेट. जन्म १९४९, भुसावळ. लहानपणीच इंग्लंडला गेला आणि प्रेस्टनचा मिडफिल्डर झाला. १९७१ साली फुलहॅमच्या मैदानावर त्याच्या हेडरने प्रेस्टन १-० जिंकलं आणि त्या मोसमात तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळवून वर गेलं. पुढे ओरिएंट, क्रिस्टल पॅलेस, चेस्टरफिल्ड, पीटरबरो. म्हणजे तोच खालच्या-मधल्या पातळ्यांचा प्रवास. त्याच्यावर सविस्तर लिहायचं मनात आहे. भुसावळच्या वाचकांपैकी कोणाला तिथल्या रेल्वे वसाहतीतल्या १९४०-५० च्या दशकातल्या फुटबॉलबद्दल, मैदानांबद्दल काही ऐकीव किंवा लेखी माहिती असेल तर खाली जरूर लिहा. आणि कोल्हापूरकर, तुमची पुढची प्रतिक्रियाही येऊ द्या.