पाच एकर स्वस्तात मिळाले, पण पाण्याचा हक्क कोणाचा?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींमध्ये, विशेषतः कोविडनंतर, एक विचार वारंवार ऐकू येतो. शहरापासून दूर पाच-दहा एकर जमीन घ्यावी, धान्य-भाजी स्वतः पिकवावी, छपरावर सोलर पॅनेल बसवावीत आणि उद्या काही बरेवाईट घडलेच, तर कोणाच्या तोंडाकडे बघण्याची वेळ येऊ नये. हा विचार मला मनापासून पटतो. मात्र त्यासाठी कोणती काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, योग्य, हे ठरवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती मला धोक्याची वाटते. वस्ती विरळ, महानगर लांब, जमीन स्वस्त, नियम कमी, एवढे जुळले की जागा उत्तम ठरवली जाते. कोलोरॅडोच्या दक्षिण सीमेवरची कॉस्टिया काउंटी या हिशेबात नेहमी वर असते, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहिते.

२०२० च्या जनगणनेनुसार या काउंटीची लोकसंख्या जेमतेम साडेतीन हजार आहे. सान लुईस खोऱ्याचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे आठ हजार फूट उंचीवर येतो. खोऱ्याच्या सपाटीवर गेल्या शतकात जमिनीच्या व्यापाऱ्यांनी पाच-पाच एकरांचे हजारो तुकडे पाडले आणि तेच आज इंटरनेटवर काही हजार डॉलरना विकले जातात. जाहिरातीतले ब्लँका शिखर खरोखरच तिथून दिसते. प्रत्यक्ष जागेवर मात्र चाकोरीपुरता कच्चा रस्ता, गुडघाभर उंचीची करडी झुडपे आणि चारही दिशांना सारखीच दिसणारी जमीन असते. आपला तुकडा कुठे सुरू होतो, हे जीपीएस पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिला आणि माझ्या मते निर्णायक प्रश्न पाण्याचा आहे. जवळच्या अलामोसा येथे वर्षाला सरासरी सात इंच, म्हणजे १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. आपला माणदेश दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण तिथेही याच्या दुपटीहून अधिक पाऊस होतो. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षभरात पडणारा थेंब न् थेंब साठवला, तरी अठरा हजार लिटर भरतात. दिवसाला पन्नास लिटर धरले, तर एका माणसाचे वर्ष कसेबसे निघते. त्यातही २०१६ च्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण घराला दोनच पिंपे ठेवता येतात आणि त्यांत मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१५ लिटर पाणी मावते.

मग बोअर घेऊ, असे कोणीही म्हणेल. जमीन आपली म्हणजे तिच्याखालचे पाणीही आपले, ही आपली पिढीजात समजूत आहे. कोलोरॅडोत मात्र ज्याने पाणी आधी वापरात आणले, त्याचा हक्क आधी, असा कायदा आहे. पस्तीस एकरांहून लहान तुकड्याला साधारणपणे फक्त घरातल्या वापरासाठी विहिरीचा परवाना मिळतो. त्या पाण्यावर स्वयंपाक आणि अंघोळ करता येते. परसातल्या भाजीला किंवा कोंबड्या-शेळ्यांना ते कायद्याने देता येत नाही. स्वावलंबी शेतीसाठी घेतलेल्या जमिनीत शेतीलाच पाणी नाही, असा हा व्यवहार होतो. त्यामुळे सपाटीवर राहणारी कितीतरी माणसे पिकअपच्या मागे प्लास्टिकची चौकोनी टाकी ठेवून गावातून पाणी आणतात आणि हिवाळ्यात त्या टाकीची तोटी गोठू नये, म्हणून तिला चिंध्या गुंडाळतात. पेट्रोलवर ज्यांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे, ती माणसे संकटकाळी शहरातल्या माणसापेक्षा अधिक सुरक्षित कशी, हे मला समजत नाही.

थंडीचा हिशेब वेगळाच आहे. अलामोसात जानेवारी १९४८ मध्ये उणे ५० अंश फॅरनहाइट तापमान नोंदले गेले. पिके गोठवणारे दव न पडणारा काळ शंभर दिवसांच्या आतबाहेर असतो, म्हणून या खोऱ्यात बटाटा, बार्ली आणि लसूणघास पिकते. टोमॅटोला आडोसा लागतो. ऊन मात्र भरपूर असते, त्यामुळे विजेची चिंता कमी. जळाऊ लाकूड डोंगरातच मिळते आणि २००२ च्या राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिथे लाकूड तोडण्याचा आणि जनावरे चारण्याचा हक्क जुन्या वसाहतींच्या जमिनी ज्यांच्याकडे आल्या, त्यांना परत मिळाला. सपाटीवर नवा तुकडा घेणाऱ्याला तो आपोआप मिळत नाही. शिवाय डोंगराच्या बाजूला वणव्याची भीती आहे. २०१८ च्या स्प्रिंग क्रीक वणव्यात एक लाखाहून अधिक एकर क्षेत्र जळाले, शंभराहून अधिक घरे गेली. मोठे रुग्णालय अलामोसात, म्हणजे सान लुईस गावापासून सुमारे चाळीस मैलांवर.

तरीही याच काउंटीत माणसे पावणेदोनशे वर्षे टिकून आहेत आणि ती कशी टिकली, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १८५१ मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांनी सान लुईस वसवले आणि पुढच्याच वर्षी कुलेब्रा ओढ्यावरून सामाईक पाट काढला. कोलोरॅडोतला सर्वांत जुना अखंड पाणीहक्क याच पाटाचा आहे. अशा पाटाला तिथे असेकिया म्हणतात. वसंत ऋतूत सगळे खातेदार मिळून गाळ काढतात, मायोरडोमो, म्हणजे पाटाचा कारभारी, पाळी लावून देतो आणि पाणी कमी असेल, तर टंचाईही वाटून घेतली जाते. धुळे-नाशिककडच्या वाचकांना पांझरेवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत आणि तिथला पाटकरी लगेच आठवेल. एकमेकांशी कधीच संबंध न आलेल्या दोन कोरड्या मुलखांनी जवळजवळ तीच व्यवस्था उभी केली, याचे मला फार अप्रूप वाटते. २००९ मध्ये कोलोरॅडोने असेकियांना कायद्याने मान्यताही दिली.

म्हणून विरळ वस्ती हा गुण धरण्याची पद्धत मला मान्य नाही. कॉस्टियाच्या सपाटीवर शेजारी मैलभर लांब आहे आणि पाणी नाही. पाटाखालच्या गावात शेजाऱ्याशी पाळीवरून कुरबुरी होतात आणि घेवडा, मका, बटाटा पिकतो. संकटासाठी जागा शोधणाऱ्याने या दुसऱ्या गावासारखी गावे शोधावीत आणि तिथे ज्या घराबरोबर पाण्याचा लेखी हिस्सा येतो, त्याला जास्त पैसे मोजावेत. इसार देण्यापूर्वी विहिरीचा परवाना नेमका कोणत्या वापराचा आहे, हे राज्याच्या दप्तरात पाहून घ्यावे आणि जागा बघायला जूनऐवजी फेब्रुवारीत जावे.