अर्धा फेरा मारून अडकणारे इंजिन आणि पूर्ण फेऱ्याचे बिल

चावी फिरवली की इंजिन अर्धा फेरा मारायचे, कण्हल्यासारखा आवाज करायचे आणि जागच्या जागी अडकायचे. लक्षण एवढे एकच होते, आणि त्या एका लक्षणावर आमच्या शाळेचे १८,७०० रुपये, पावसाळ्यातले पाच आठवडे आणि माझा उरलासुरला संयम खर्ची पडला आहे. हे लिहिताना मी शांत असल्याचे सोंग आणणार नाही.

यंत्र म्हणजे बसून चालवायचे गवत कापणीयंत्र. एका सिलिंडरचे, साडेसतरा हॉर्सपॉवरचे. गोव्यातल्या एका रिसॉर्टने काढून टाकलेले ते यंत्र आम्ही टेंपोत घालून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला आणले, कारण खानापूर रस्त्याकडचे आमचे अडीच एकरांचे मैदान विळ्याने कापायला आता माणसे मिळत नाहीत. जूनमध्ये पाऊस धरला की इकडे गवत कसे माजते ते बेळगावकरांना सांगायला नको. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिनाने दगा दिला आणि पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला पोरे ज्या जागी रांगेत उभी राहतात तिथे गुडघाभर रान उभे राहिले.

पहिल्या गॅरेजवाल्याने यंत्राला हातही न लावता निदान केले. ‘बॅटरी गेली की हो सर, नवीन टाकूया की.’ मी विचारले, मीटर लावून बघितलेस का? त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी त्याच्या खानदानावर शंका घेतली. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ मारताना ती फार खाली कोसळली तर दोष तिचा. हे बघायला मीटर आणि एक मिनिट पुरते. ते मिनिट त्याच्याकडे नव्हते. नवी बॅटरी आली, ४,२०० रुपये गेले, इंजिनाने पुन्हा अर्धा फेरा मारला आणि अडकले.

मग सेल्फ मोटर बदलली. ९,५०० रुपये! जुनी मोटर बाहेर काढून बॅटरीवर थेट लावून फिरते की नाही एवढे तरी बघावे, तर तेही नाही. ती परस्पर भंगारात गेली. त्यानंतर सोलेनॉइड, म्हणजे चावी फिरवली की बॅटरीचा प्रवाह मोटरकडे सोडणारा खटका. त्याचे १,४००. नवी बॅटरी, नवा सोलेनॉइड, नवी मोटर, आणि तोच जुना अर्धा फेरा.

दुसरा मिस्त्री आला तो कार्बोरेटरवर घसरला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढून घेते, यंत्र महिनोन्महिने उभे राहिले की टाकीच्या तळाशी पाणी साठते आणि कार्बोरेटरची बारीक भोके चिकट थराने बुजतात, असे त्याने मला व्याख्यानाच्या थाटात ऐकवले. यातले सगळे खरे आहे. अशा छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत बहुधा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे बजावलेले असते, आणि ज्या जिल्ह्यातले साखर कारखानेच इथेनॉल गाळतात त्या जिल्ह्यात हे ज्ञान असावे यात नवल नाही. पण अरे शहाण्या, इंजिन फिरतच नाही, तर त्याच्या पोटात पेट्रोल कसले जाते याची चौकशी कशासाठी? फिरते पण पेट घेत नाही, ही तक्रार वेगळी. फिरायलाच तयार नाही, ही तक्रार वेगळी. कार्बोरेटर चकचकीत धुऊन, आतला संच बदलून त्याने १,८०० रुपये घेतले. इंजिन अर्थातच अडकले.

मात्र माझ्या रागाचा कडेलोट झाला तो पुढच्या करामतीने. अशा यंत्राच्या सीटखाली एक स्विच असतो. पाते फिरत असताना चालक सीटवरून उठला किंवा पडला तर हा स्विच ठिणगी तोडून इंजिन बंद करतो. ब्रेकच्या पेडलवर आणि पात्याच्या खटक्यावरही असेच स्विच असतात. यांपैकी एखादा अडवत असता तर सेल्फ मुळीच फिरला नसता, किंवा फिरूनही ठिणगी पडली नसती. अर्धा फेरा मारून अडकणे हे स्विचचे लक्षणच नाही. तरीही या महाशयांनी मला न विचारता सीटखालचा स्विच काढला आणि दोन तारा पिळून एकत्र बांधल्या. शाळेच्या मैदानावर! जिथे चेंडूमागे धावणारे पोर यंत्रासमोर कधी येईल याचा नेम नाही, तिथे चालक खाली पडला तरी पाते फिरतच राहावे अशी व्यवस्था करून ठेवली, आणि वर म्हणतात, ‘काय होत नाही हो सर, सगळे असंच करतात.’

मधल्या काळात मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केले, तो एक निराळाच छळ. पुण्याने सांगितले, तुम्ही कर्नाटकात येता, हुबळीला विचारा. हुबळीने कन्नडमध्ये आणि मग हिंदीत सांगितले की बेळगावचा माल कोल्हापूरहून जातो. कोल्हापूरने पिनकोड ऐकला आणि पुण्याचा नंबर दिला. १९५६ पासून आम्ही या सीमेवर लोंबकळतो आहोत, २००४ पासून आमचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण गवत कापणीयंत्राच्या पुस्तिकेची एक प्रत मिळण्यासाठीही सीमाप्रश्न सुटण्याची वाट पाहावी लागेल असे मला वाटले नव्हते.

शेवटी आमच्या गल्लीतल्या एका काकांना बोलावले. उद्यमबागेतल्या कारखान्यात उभी हयात क्रँकशाफ्ट घासण्यात गेलेली, आता निवृत्त. त्यांनी चहासुद्धा नंतर घेतला. आधी प्लग काढायला लावला आणि म्हणाले, ‘आता चावी मार बघू.’ प्लगच्या भोकातून हवा मोकळी निसटली आणि इंजिन गरगर फिरले. दोन मिनिटांत सिद्ध झाले की बॅटरी, मोटर, सोलेनॉइड यांचे काम चोख आहे आणि अडते आहे ते फक्त सिलिंडरमधल्या दाबाशी. मग काढून टाकलेले जुने भागही बहुधा ठीकच असणार. हे आठवले की आजही माझे डोके फिरते.

कारण साधे होते. एवढ्या मोठ्या एकाच सिलिंडरची हवा दाबणे छोट्या सेल्फला जड जाते, म्हणून वाल्व उघडणाऱ्या कॅमवर एक बारीकसा उंचवटा ठेवलेला असतो. सुरू होताना तो वाल्व किंचित उघडा धरतो आणि दाब थोडा निसटू देतो. टॅपेटमधली, म्हणजे वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट झिजून वाढली की तो उंचवटा वाल्वपर्यंत पोचतच नाही, पूर्ण दाब सेल्फच्या छातीवर बसतो आणि अर्ध्या फेऱ्यात त्याचा दम सुटतो. टॅपेट कव्हरचे चार बोल्ट काढले, पिस्टन वर आणून जरासा पुढे सरकवला आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचा फीलर गेज घातला. फट ०.१ ते ०.१५ मिलिमीटरच्या आसपास हवी होती. गेजची जाड पाती सुद्धा आत ढिली खेळत होती. दोन्ही टॅपेट आवळून कव्हर लावले. पाऊण तास लागला, खर्च शून्य, कारण गॅस्केटही न फाटता निघाले. पहिल्या चावीला इंजिन लागले. सीटखालचा स्विच मी त्याच संध्याकाळी पुन्हा बसवून घेतला.

ज्या शहरात शतांश मिलिमीटरचा हिशेब ठेवून इंजिनाचे सुटे भाग घडवतात, त्याच शहरातल्या गॅरेजात फीलर गेज म्हणजे काय हे विचारावे लागते, हे मला आजही गिळवत नाही. माझे भांडण त्यांच्या अज्ञानाशी नाही, न तपासता दुसऱ्याच्या पैशाने अंदाज बांधण्याशी आहे. प्रत्येक अंदाज चुकला आणि प्रत्येक चुकीची मजुरी मिळून आणखी १,८०० रुपये आमच्याकडून वसूल झाले.

चौदा ऑगस्टला भर पावसात मैदान कापत असताना पहिला गॅरेजवाला रस्त्यावरून जात होता. यंत्र चालू पाहून गाडी थांबवली, फाटकाशी आला आणि माझ्याकडे बघून समाधानाने हसला. ‘बघा की सर, मी म्हटलो होतो ना, बॅटरीच होती ती.’