कॅटमरानवर हार्नेस लावू नका, हा सल्ला का चुकीचा आहे

खोल समुद्रातल्या शिडाच्या शर्यतींत उतरणाऱ्या नवख्यांना एक सल्ला हमखास मिळतो: कॅटमरानवर, म्हणजे दोन हलांच्या (हल म्हणजे होडीचं धड) होडीवर, हार्नेस लावू नका. हार्नेस म्हणजे अंगावरचा पट्टा, तो हुक असलेल्या दोराने होडीला अडकवतात. "कॅटमरान पालथं झालं की दोराने अडकवलेला माणूस खालीच बुडतो. त्यापेक्षा मोकळे राहा. पाण्यात पडलात तरी लाइफ जॅकेट आहे, होडी वळून उचलेल." ऐकायला पटतं, म्हणून तर भीती वाटते.

पुरावा म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचा अपघात सांगतात. ९ मे २०१३ ला अमेरिकाज कप या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीच्या सरावात आर्टेमिस संघाचं ७२ फुटी कॅटमरान उलटून मोडलं आणि ऑलिम्पिक सुवर्णविजेता अँड्र्यू सिम्पसन खाली अडकून गेला. पण त्याला अडकवलं ते मोडक्या सांगाड्याने, हार्नेसच्या दोराने नव्हे. त्या शर्यतींत खेळाडू दोर लावतच नसत, एका हलवरून दुसऱ्या हलवर पळत असत.

आता "वळून उचलेल" या भरवशाचं बघू. समजा होडी २५ नॉटने पळते आहे, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर. पडलेला माणूस लक्षात येऊन एक मिनिट गेलं, तर तो पाऊण किलोमीटर मागे राहिलेला असतो. मग शिडं उतरवायची, वळायचं आणि वाऱ्याला तोंड देत परत यायचं. तोवर लाटांमध्ये डोकं दिसतच नाही. २६ मार्च २०१८ ला व्होल्वो ओशन रेस या जगाला वळसा घालणाऱ्या शर्यतीत, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १,४०० सागरी मैलांवर, स्कॅलीवॅग होडीवरचा जॉन फिशर असाच गेला. होडी एकाच हलची होती, पण प्रश्न तोच. पुढे जाण्यासाठी त्याने दोर क्षणभर सोडला होता, तेवढ्यात होडी अचानक जाइब झाली (मागून वारा असताना शीड एकदम दुसऱ्या बाजूला गेलं) आणि मेनशीटच्या, म्हणजे मुख्य शीड आवरणाऱ्या दोराच्या, फटक्याने तो बाहेर फेकला गेला. अंगावर सर्व्हायव्हल सूट होता, लाइफ जॅकेटही होतं. सहकाऱ्यांनी तासन्‌तास शोधलं, तो सापडला नाही.

हुक तुटतात, ही तक्रार मात्र खरी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लिपर शर्यतीत एका खलाशाच्या दोराचा हुक डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) अडकला, त्यावर आडवा ताण आला, तो वाकून उघडला आणि माणूस गेला. यातून शिकायचं ते हे की हुक क्लीटपाशी अडकेल अशा जागी जॅकलाइन (डेकवर ताणून बांधलेला, हुक अडकवायचा दोर) बांधू नये. दोरच नको, असं त्यातून निघत नाही.

राहिली अडकून बुडण्याची गोष्ट. दोराचं छातीकडचं टोक ताणाखालीही एका हाताने सुटेल असं हवं, आणि चाकू पोचेल तिथे. बंदरात डोळे बांधून, अंगाचा पूर्ण भार दोरावर टाकून ते सोडून बघा. पण खरा मुद्दा पुढचा आहे. बहुहल होडी उलटली तरी सहसा बुडत नाही. १९८९ मध्ये न्यूझीलंडजवळ रोझ-नोएल हे ट्रायमरान (तीन हलांची होडी) पालथं झालं आणि चौघे त्याच उलट्या सांगाड्यात ११९ दिवस जगले. २००८ मध्ये ग्रुपामा ३ हे ट्रायमरानही न्यूझीलंडजवळच उलटलं, दहाही जण हेलिकॉप्टरने सुटले. हे सगळे वाचले कारण ते होडीपाशी होते. मोकळा माणूस होडीपासून सुटला की हा तराफाच त्याच्या हातून जातो.

एका बाबतीत विरोधकांशी मी सहमत आहे. २५ नॉटने पळणाऱ्या होडीमागे दोराने फरपटला जाणारा माणूस काही मिनिटांत बुडू शकतो. म्हणून दोर पाण्यात पडलेल्याला ओढून आणायला नसतो, पडूच न द्यायला असतो. शर्यतीचे नियम २ मीटरपेक्षा लांब दोर चालवून घेत नाहीत, पण कॅटमरानच्या कडेला तेवढाही जास्त होतो. जॅकलाइन दोन हलांमधल्या जाळीच्या मध्याकडे बांधा, कडेला काम असेल तेव्हा १ मीटरचा आखूड दोर लावा, आणि दुसरा हुक अडकल्याशिवाय पहिला सोडू नका.