अर्धा ग्रॅम शिसं

पुण्याच्या बोहरी आळीत जे मिळत नाही ते जगात बनतच नाही, असं आमचे वडील म्हणायचे. त्यांच्या शब्दावर विसंबून मी जूनमधल्या एका भर पावसाच्या शनिवारी तिथल्या एका जुन्या दुकानात शिरलो आणि विचारलं, "एअर रायफलचे छर्रे आहेत का हो?"

गल्ल्यावरच्या चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बॉल बेअरिंगमधले?"

"नाही, बंदुकीचे."

"कबुतरं फार झालीत का?"

मी समजावून सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांच्या पोऱ्याने माळ्यावरून नायलॉनच्या जाळीचं भेंडोळं खाली टाकलं होतं. बाल्कनीचं माप मला पाठ नव्हतं, तर त्यांनी ते स्वतःच सांगितलं आणि ते बरोबर निघालं. मी जाळी घेऊन घरी आलो. बायको खूश झाली. कबुतरंही गेली. छर्ऱ्यांचा प्रश्न तेवढा राहिला.

हा प्रश्न आमच्या घरात १ ऑगस्ट २०२४ रोजी शिरला. त्या दिवशी स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्यपदक मिळालं. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत तिकीट तपासनीस, सराव आपल्या बालेवाडीत. टीव्हीसमोर आमची आई म्हणाली, "टीसीची नोकरी करून ऑलिंपिक! आणि आमचा हा बँकेत बसून साधं सोसायटीचं सेक्रेटरीपद टिकवू शकला नाही." मी मान खाली घातली. सईने मात्र मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, मला रायफल शिकायचीय."

सुरुवात अर्थातच दहा मीटर एअर रायफलने. मला वाटलं, चतुःशृंगीच्या जत्रेत फुगे फोडतात तसं काहीतरी असेल. जत्रेतल्या फुगेवाल्याकडे छर्ऱ्यांचं प्लॅस्टिकचं भांडं असतं, तो त्यातून चिमूट काढतो, चणे दिल्यासारखी. सईच्या सरांकडे पहिल्याच दिवशी मी तसा उल्लेख केला. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या गवयाला "तुम्ही वरातीतही गाता का?" असं विचारलं असावं.

मग त्यांनी लक्ष्याचा कागद दाखवला. दहा गुणांचं वर्तुळ म्हणून जे काही असतं तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पेनने टेकवलेला पूर्णविराम त्यापेक्षा मोठा पडतो. त्या ठिपक्यावर दहा मीटरवरून मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट जाड. शिवाय गुण दशांशात. मधोमध बसला तर १०.९, आणि तिथून प्रत्येक पाव मिलिमीटर सरकलात की एक दशांश कापला. पंचाहत्तर मिनिटांत असे साठ नेम. हिशेब ऐकून मला पेन्शन विभागाची आठवण झाली.

तरी छर्रा ही वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. डोकं सपाट, म्हणजे कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पडतं. मध्ये कंबर. खाली पातळ, पोकळ घेर, परकरासारखा. हवेचा दाब आला की हा घेर फुलतो आणि नळीच्या आट्यांना घट्ट धरतो. पण शिसंच ते. नखाने दाबलं तरी दबतं. घेराला एका बाजूने पोचा आला की छर्रा भरकटला, आणि छर्रा भरकटला की आमच्या घरात रात्रीचं जेवण शांततेत होत नाही.

"९.६ का आला?"

"पेलेट, बाबा."

आमच्या वेळी शाळेत आम्ही निबला दोष द्यायचो. त्यामुळे पहिले दोन महिने मी विश्वास ठेवला नाही. मग एक दिवस सईचं जुनं भिंग घेऊन डबी उघडली. पाचशेतले पहिले पन्नास टेबलावर उभे केले. अकरा जणांचे घेर चेपलेले. दोघांच्या डोक्यावर शिशाचा केसाएवढा काप चिकटलेला. एक तर चक्क आडवा पडायचा, उभाच राहीना. मी सईची माफी मागितली आणि त्या दिवसापासून भरवशाचा छर्रेवाला शोधणं हे माझं अवतारकार्य झालं.

पहिला छर्रेवाला शहरातलाच. त्याचं एकच वाक्य होतं, "पुढच्या आठवड्यात माल येतोय." हे वाक्य तो इतक्या प्रसन्नपणे म्हणायचा की मी दर आठवड्याला आनंदाने परत यायचो. चौथ्या खेपेला मी विचारलं, "पुढचा आठवडा कधी लागतो तुमच्याकडे?" तर म्हणाला, "साहेब, जर्मनीहून येतो माल, काय चिंचवडहून येतो का?"

दुसरा दिल्लीचा, फोनवरचा. "भाईसाब, कल पक्का निकाल दूँगा." त्याने निकालला खरा. पण ज्या कुरिअरने तो पाठवला, त्यांच्या गोदामात बहुधा डबीने फुटबॉल खेळले असावेत. डबी मी उघडलीसुद्धा नाही. नारळ हलवून पाहावा तशी कानाशी धरून हलवली. चांगली भरलेली डबी जवळजवळ मुकी असते, आत स्पंज घट्ट बसलेला असतो. ही खुळखुळत होती. एक डबी तर अशी वाजली की बिल्डिंगमधलं तान्हं बाळ तिच्याकडे बघून हसलं.

तिसऱ्याने हेड साइझच चुकवली. छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० यावर या नेमबाज मंडळींची आयुष्यं उभी असतात. मी ४.४९ मागितला, आला ४.५०. तक्रार केली तर म्हणाला, "एक शतांशाने काय होतंय?" मीही वर्षानुवर्षं काउंटरवर लोकांना "एका पैशाने काय होतंय?" असं म्हणत आलोय. कर्म फिरून येतं ते असं.

मग वजनाचं खूळ शिरलं. रायफलचा मॅचचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा. सगळे एकाच वजनाचे आहेत की नाही हे बघायला मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा, आणि तो असतो सोनाराकडे. आमचे पिढीजात सोनार रविवार पेठेत. दुपारी गिऱ्हाईक नसताना गेलो, खिशातून रुमाल काढला, रुमालातून वीस छर्रे काढून मखमलीवर ओतले.

शेट बराच वेळ बघत राहिले.

"हे काय म्हणायचं?"

"शिसं."

"मोडायचंय?"

"नाही, नुसतं तोलायचंय. एकेक."

त्यांनी एक छर्रा चिमट्याने उचलला. सवयीने कसोटीच्या दगडाकडे हात गेला, तो त्यांनी मागे घेतला. ०.५३१. ०.५३०. ०.५२९. ०.५३०. बाराव्याला ०.५१८ आला तेव्हा शेट स्वतःच "अरेरे" म्हणाले. विसावा होईपर्यंत त्यांनी पोराला कारखान्यातून बोलावून घेतलं होतं आणि बापलेक दोघं वाकून बघत होते. निघताना म्हणाले, "माल बरा आहे. पण घट धरतोय तुमचा माणूस." पैसे घेतले नाहीत. हात मात्र साबणाने धुवायला लावले, चहा त्यानंतरच दिला. शिशाचा हात तोंडाला लागू नये, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला सांगितलं.

माझ्या मेहुण्यांना ही सगळी यातायात हास्यास्पद वाटते. ते भोसरीत टूलरूममध्ये आहेत. "शिसं म्हणजे काय हो, ३२७ अंशाला वितळतं. घरी ओता." अमेरिकेत लोक घरी ओततात हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. तिथले हौशी लोक शिशात जरा कथील, जरा अँटिमनी घालून काडतुसांच्या गोळ्या साच्यात ओततात किंवा ओतीव गोळ्या विकत आणून रिकामी काडतुसं पुन्हा भरतात, आणि त्यांनाही भरवशाचा माणूस सापडत नाही म्हणे. ऐकून मला साता समुद्रापार भाऊबंद मिळाल्यासारखं वाटलं. पण आपल्याकडे काडतूस म्हटलं की शस्त्र कायदा आला, तो घरात करायचा उद्योगच नव्हे. आणि छर्रा तर ओततही नाहीत. शिशाच्या तारेचे तुकडे पाडून ते डायमध्ये दाबून घडवतात. हे मी मेहुण्यांना सांगेपर्यंत आतून आवाज आला, "माझ्या गॅसवर शिसं वितळलं तर त्याच गॅसवर पुढचा स्वयंपाक तुम्ही दोघांनी करायचा." विषय तिथेच गार झाला. शिसं वितळलंच नाही.

शेवटी सरांनीच मार्ग सांगितला. बॅच टेस्टिंग. रायफल शिकंज्यात आवळायची, म्हणजे माणसाचा हात, श्वास, परीक्षेचं टेन्शन सगळं बाद. मग वेगवेगळ्या बॅचचे दहा-दहा छर्रे मारायचे आणि भोकं बघायची. एकाच कारखान्याचा, एकाच नावाचा माल, पण बॅच बदलली की नळीचं मन बदलतं. पहिल्या बॅचचं भोक सुपारीएवढं. दुसरीचं पावट्याएवढं. तिसरी वाटाणा. आणि सहावी! दहा छर्रे गेले आणि कागदावर एक मसुरीचा दाणा. सर काही बोलले नाहीत, फक्त तो कागद त्यांनी घडी न घालता मला दिला. तो आमच्या देवघराशेजारी लावलाय. डबीवरचा बॅच नंबर मला आधार क्रमांकाच्या आधी पाठ झाला.

त्या बॅचच्या डब्या ज्याच्याकडे होत्या त्याच्याकडे मी त्याच संध्याकाळी युनिव्हर्सिटी चौकातल्या गर्दीतून पोहोचलो. "किती देऊ?" "आहेत तेवढ्या." रक्कम आईला सांगितलेली नाही. दिवाणाखाली, लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून, लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्या.

परवा रात्री देशमुखांचा फोन आला. त्यांचा मुलगा सईच्याच बरोबर शिकतो.

"काका, तुमच्याकडे ती सहा नंबरची बॅच आहे म्हणे? एखादी डबी मिळेल का? पुढच्या रविवारी स्पर्धा आहे पोराची."

"अहो, असती तर दिली नसती का? माझ्याकडेच दोन उरल्यात." आणि मग, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून अगदी प्रसन्नपणे निघालं, "पुढच्या आठवड्यात माल येतोय."

आई दिवाणावर बसून वाती वळत होती. तिने मान वर न करता, देशमुखांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"चौदा आहेत."