चेंडू कुठाय?

काल रात्री दादांनी मला टीव्ही बंद करायला लावला. हॉकीचा सामना, भारत खेळतोय, अजून एक क्वार्टर बाकी, आणि दादा म्हणतात बंद कर ते. माझ्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं. रात्रभर डोक्यात घोळतंय, म्हणून सकाळचा चहा गार होऊ देऊन लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दादा म्हणजे माझे वडील, वय 82. बार्शीत भगवंताच्या देवळाजवळ त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. नजर आता अधू झालीय. पडद्यावर निळ्या मैदानावर काहीतरी हलतंय इतपतच दिसतं. म्हणजे सामना ते बघत नाहीत, ऐकतात. आणि काल ऐकायला काय मिळालं? दोघं समालोचक. एकाने कुठल्याशा गावातल्या बिर्याणीची गोष्ट काढली, दुसरा हसतोय. मग आकडे. मग जाहिरातीतलं वाक्य, तेही समालोचकाच्याच तोंडी. मग एकदम किंचाळी! दादा खुर्चीत पुढे सरकले, "काय झालं? गोल झाला?" गोल नव्हता झाला, नुसता पेनल्टी कॉर्नर होता. पाच मिनिटांत तीनदा त्यांनी मला विचारलं, "अगं, चेंडू कुठाय?" चौथ्यांदा विचारलं नाही. बंद कर म्हणाले.

चेंडू कुठाय. एवढंच सांगायचं असतं रे बाबांनो. पगार त्याचाच घेता ना?

मी जसदेव सिंहांचा आवाज ऐकत वाढलेली मुलगी आहे. माझ्या वयाच्या मंडळींना वेगळं सांगायला नको, तरुणांसाठी सांगते. आकाशवाणीवर आणि नंतर दूरदर्शनवर "मैं जसदेव सिंह बोल रहा हूँ" एवढं आलं की आमच्या दुकानातलं शिवणयंत्र थांबायचं. हा माणूस हॉकी सांगायचा, क्रिकेट सांगायचा, शर्यती सांगायचा. नऊ ऑलिंपिक, आठ हॉकी विश्वचषक, सहा आशियाई स्पर्धा. शिवाय पंधरा ऑगस्टला लाल किल्ला, 1963 पासून, आणि सव्वीस जानेवारीचं संचलन. गळा एकच, पण हॉकीला त्याचा श्वास वेगळा आणि संचलनाला वेगळा. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये पाणी प्यायला सवड असते, हॉकीत बोलणाऱ्याला ती नाही. 22 माणसं पळतायत, चेंडू मुठीएवढा, तुम्ही लांब उंचावर बसलेले, आणि पाठमोऱ्या पळणाऱ्या पोराच्या चालीवरून त्याचं नाव ओळखायचं. मराठीत या कामाला 'धावतं वर्णन' म्हणतात ते उगाच नाही.

आता तो किस्सा. घरच्यांनी शंभरदा ऐकलाय, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

15 मार्च 1975, शनिवार. क्वालालंपूरला विश्वचषकाची फायनल, समोर पाकिस्तान. मी नऊ वर्षांची, दुकानात खाली चटईवर बसून सदऱ्यांना बटणं लावत होते. फळीवर रेडिओ. (तेव्हा रेडिओला लायसन लागायचं, दादांनी ते फ्रेम करून लावायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.) एक मास्तर पँटचं कापड घेऊन आले होते, भावाच्या लग्नासाठी, राखाडी रंगाचं, त्या काळात महागाचं. दादांनी खडूने आखणी केलेली, हातात मोठी कात्री. मास्तरही मॅच ऐकायला तिथेच टेकलेले. दाराशी दहा-पंधरा माणसं.

पहिला गोल पाकिस्तानचा. दुकानात कुणी मेल्यासारखी शांतता. मग सुरजित सिंगने बरोबरी केली. आणि मग अशोक कुमार, ध्यानचंदांचा मुलगा. त्याचा फटका खांबाच्या आतल्या कोपऱ्यावर आदळून बाहेर आला. गोल की नाही? पंचांनी गोल दिला, पाकिस्तानचे खेळाडू मानायला तयार नाहीत. आणि हे सगळं आम्हाला बार्शीत, भिंतीकडे तोंड करून उभं असताना दिसत होतं! खांब दिसत होता, त्याचा आतला कोपरा दिसत होता. मी तोवर हॉकीचं मैदान बघितलेलंसुद्धा नव्हतं.

दादांची कात्री चालूच होती. कंबरेपासून निघाली आणि खडूची रेघ सोडून सरळ मांडीतून आरपार गेली. गोल पक्का झाला, दुकानात आरडाओरडा, दादांनी मास्तरांना मिठी मारली, मास्तरांनी दादांना. कापडाकडे पाच-सात मिनिटं कुणाचंच लक्ष नव्हतं. आधी मलाच दिसलं. मी भीतीने बोलले नाही.

तर मुद्दा हा की आवाजाने माणसाच्या हातून कात्री सुटावी, इतकं ते चित्र खरं होतं. काल माझ्या घरात पाऊण भिंतीएवढा टीव्ही आहे, आणि दादांना चेंडू सापडत नव्हता.

मला माहितीय खाली कोण काय लिहिणार. टीव्हीवर चित्र दिसतंच, मग सांगायचं कशाला? बरं, मान्य. रेडिओचं आणि टीव्हीचं काम वेगळं. पण जसदेव सिंहांनी दूरदर्शनवरही वर्षानुवर्षं काढली, तिथे कुठे बिर्याणी शिजवली नाही. आणि ज्यांना चित्र दिसत नाही त्यांचं काय? स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत थापत सामना ऐकणाऱ्या बाईचं काय? गाडी चालवणाऱ्याचं काय? की आमचा हिशेबच नाही?

आणि हो, जसदेव सिंहांची हिंदी जरा फुलोऱ्याची होती. संचलनाला तर कधीकधी इतकी फुलं उधळायचे की रणगाडा पुढे निघून जायचा. सरकारी माध्यमाचा माणूस, सरकारला टोचेल असं काही बोलायचा नाही, हेही खरंय. झालं समाधान? पुढे.

मला त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फार आवडते. राजस्थानातल्या बौंली गावचा मुलगा. शाळेत हिंदी शिकलेला नाही. 1948 साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचं वर्णन मेलव्हिल डी'मेलो यांनी रेडिओवर इंग्रजीतून केलं, गाडीवरून, सुमारे सात तास. ते ऐकून हा पोरगा आईला म्हणाला, मी हिंदीत असं वर्णन करणार. जी भाषा शाळेत घेतली नाही त्या भाषेत! मग 1955 मध्ये आकाशवाणीचं जयपूर केंद्र, तिथून आठेक वर्षांनी दिल्ली. आमच्या दादांची हिंदी बेताची, 'पेटी को बटन लगाव' छापाची, पण जसदेव सिंहांचं बोलणं त्यांना अक्षर न अक्षर कळायचं. भाषा कमावून घेतलेला माणूस समोरच्याला कळेल असं बोलतो, असं मला आपलं वाटतं. भांडू नका.

मराठीतही आपल्याकडे बाळ ज. पंडित होतेच की. त्यांचं क्रिकेटचं मराठी वर्णन ऐकून आमच्या आळीतल्या, कधी बॅट न धरलेल्या आज्या क्षेत्ररक्षण कुठे लावलंय ते सांगायच्या. आता मोबाइलवर मराठी समालोचन मिळतं, चांगली गोष्ट आहे, दोन-तीन मुलं बरी बोलतातही. बाकीच्यांना वाटतं मोठ्याने बोललं की रंगत येते.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. चहा पुन्हा गरम करून आणला.

जसदेव सिंह गेले ते 25 सप्टेंबर 2018 ला. त्या दिवशी दुबईत भारत-अफगाणिस्तान सामना टाय झाला होता, दोन्हीकडे 252. सगळ्या चॅनेलांवर तेच. 1985 ला पद्मश्री, 2008 ला पद्मभूषण, 1988 ला ऑलिंपिक समितीचा ऑलिंपिक ऑर्डर मिळालेला माणूस, आणि बातमी खालच्या पट्टीत सरकत गेली. मीच दादांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तरांचं कापड फाडलं त्यानं." मग आम्ही दोघंही हसलो. दादांचं हसणं जरा लांबलं आणि शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नव्हतं.

काल टीव्ही बंद केल्यावर खोलीत बसवेना. दहा मिनिटांनी मी तो पुन्हा लावला, आवाज शून्यावर ठेवला आणि दादांच्या खुर्चीशेजारी बसून स्वतःच सांगायला लागले. "आपल्याकडे चेंडू आहे दादा, उजवीकडे... नाही, त्यांनी घेतला... आता त्यांचा तो उंच मुलगा, पाठीवर नाव काय आहे, थांबा हं..." दादा वैतागले. "नाव मरू दे. चेंडू कुठाय ते सांग आधी." मी सांगितलं, मधल्या रेघेवर. "आमची रेघ की त्यांची?" अहो, मधली रेघ दोघांचीच असते! असं करत आम्ही सामना संपवला. माझा घसा बसला. पंधरा मिनिटं खेळाची, मला तासाभराची वाटली. जसदेव सिंह तेव्हाचे पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन अर्ध सांगायचे, आणि शेवटच्या मिनिटाला नाव चुकायची सोय नाही.

दादांनी निकाल दिला, "बरं सांगितलंस. पण तुझ्यानं कात्री काय सुटायची नाही."

त्या कापडाचं पुढे काय झालं हे विचारणाऱ्यांसाठी: मास्तर रागावले नाहीत. दादांनी नवं कापड आणून पँट शिवून दिली, शिलाई घेतली नाही. कापलेल्या कापडातून मास्तरांच्या धाकट्या मुलासाठी दोन चड्ड्या निघाल्या. तो मुलगा आता आजोबा झालाय आणि माझ्या यादीत आहे, रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतो. ये रे जरा खाली, आणि सांग, ते कापड टेरिलीनचं होतं की टेरिकॉटचं? दादा टेरिकॉट म्हणतात, मला टेरिलीन आठवतं, आणि काल रात्री त्यावरूनही आमचं भांडण झालंय.