संकल्प वापरू नये, जपून ठेवावा

यंदा तुम्ही बदलणार, हे चेहऱ्यावरच दिसतंय. पहाटे उठणार, रोज वाचणार, कर्ज फेडणार, बचत करणार आणि उरलेल्या वेळात एखादी परकी भाषा शिकून घेणार. उत्तम! आता इतक्या देखण्या संकल्पाची अंमलबजावणी करून नासाडी करू नका, एवढंच सांगायचं आहे.

‘सुधारायला १ जानेवारीच कशाला हवी?’ असं विचारणारा एखादा शंकेखोर भेटेलच. त्याला ज्युलियस सीझर ऐकवा. त्याचं नवं कॅलेंडर इ.स.पू. ४५ च्या १ जानेवारीला सुरू झालं आणि त्याची घडी बसावी म्हणून आदलं वर्ष चक्क ४४५ दिवसांचं करावं लागलं. आपल्या वर्षापेक्षा ८० दिवस जास्त! एवढी सवड मिळून रोमन मंडळींनी काय सुधारणा केली? दोन वर्षांत सीझरचाच खून केला. तेव्हा ‘वेळ पुरला नाही’ ही सबब देऊ नका, जरा बरी शोधून ठेवा.

पहिलं काम म्हणजे संकल्प जाहीर करणं. मित्र, नातेवाईक, ऑफिस, सोशल मीडिया, कोणालाही सोडू नका. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिलं, की ‘मी अमुक होणार’ हा इरादा चारचौघांनी ऐकून घेतला, की माणूस त्यासाठी उलट कमी झटतो. आपण ते झालोच, असं त्याला आधीच वाटायला लागतं. म्हणजे न धावता धावपटू होता येतं. फुकटात एवढं मिळत असताना घाम कशाला गाळायचा?

फुकटात म्हणालो खरा, पण आर्थिक शिस्तीची सुरुवात खर्चानेच करायची असते. खर्च लिहायला जाड पुठ्ठ्याची वही, ती कंटाळवाणी वाटेल तेव्हा खर्च मोजणारं ॲप (वर्षाची वर्गणी एकदम भरा, स्वस्त पडते), धावायचे बूट, ध्यानाचा कोर्स. वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद वहीचीच करा. बहुतेक वह्यांत ती शेवटचीही असते.

दरम्यान ‘रोज एक टक्का सुधारा, वर्षात सदतीस पट व्हाल’ हे गणित तोंडपाठ करा. गणित अगदी बरोबर आहे. त्याच हिशोबाने तीन वर्षांत तुम्ही पन्नास हजार पटीच्याही पुढे जाता. मग घरचे तुम्हाला जेवायला हाक मारतील की दर्शनाला येतील, हे मात्र गणितात बसत नाही. कशाचा एक टक्का, हेही विचारू नका.

सवयीचा आकडा २१ दिवस असा धरा. १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने लिहून ठेवलं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान एकवीसेक दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ वाटेत गळून पडला आणि उरलेला आकडा पहाटे उठण्यालाही लागू झाला. लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसतात, आणि व्याप्ती १८ पासून २५४ पर्यंत. १ जानेवारीपासून २५४ मोजलेत तर सप्टेंबर उजाडतो. असले आकडे मनावर घेऊ नका. एकविसाव्या दिवशी उठवत नसेल तर ‘हे आपल्या प्रकृतीला मानवत नाही’ असं म्हणून मोकळं व्हायचं.

आता पैसा. ध्येय कायम ढोबळ ठेवावं. ‘यंदा भरपूर बचत’ हे छान. त्यात रक्कम आणि तारीख घातली, की ते ध्येय राहत नाही, तगादा होतो. बचत महिन्याच्या शेवटी, जे उरेल त्यातून करायची. काही उरत नाही, हा महिन्याचा दोष.

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरा. छापतात ती कोणीतरी भरावी म्हणूनच ना! महिन्याला ३ टक्के व्याज असेल, तर न फेडलेली रक्कम दोन वर्षांच्या आत दुप्पट होते. याउलट वर्षाला ६ टक्के देणाऱ्या ठेवीला दुप्पट व्हायला जवळपास बारा वर्षं लागतात. पैसे झटपट दुप्पट करायची तुमची इच्छा पूर्ण झाली की नाही? आता ते कोणाचे झाले, यात शिरू नये.

एका गोष्टीपासून मात्र जिवापाड सांभाळा. पगार जमा होताच ठरावीक रक्कम आपोआप बचतीत वळवण्याची सोय असते. चुकूनही चालू करू नका. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी २००४ मध्ये एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांची हकीकत मांडली. पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिचा काही भाग परस्पर बचतीत जाऊ द्या, अशी संमती त्यांच्याकडून आधीच घेतली होती. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. आणि त्यात त्या बिचाऱ्यांच्या वाट्याला काय आलं? ना निर्धार, ना पहाटेचा गजर, ना स्वतःशी झुंज. फोटो टाकावा असं काही घडलंच नाही. नुसते पैसे साठत गेले! थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रसभंगाचाही गौरव होतो म्हणायचा.

बाकी वर्ष आपलं आपण सरतं. डिसेंबरात कोणी विचारलंच, तर ‘यंदा स्वतःवर खूप काम केलं’ असं सांगा. त्याची पावती मागायची पद्धत अजून तरी नाही.