अंधाराचा डी

परवा रात्री साडेनऊ वाजता आमच्या सोसायटीचे खजिनदार, हातात सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची नऊ पाने आणि खिशाला लाल पेन अशा थाटात, आमच्या दारात उभे राहिले आणि चपला काढता काढताच त्यांनी विचारले, "काय हो सेक्रेटरी, हिशेबाला सलाईन कधीपासून लावलंत?"

या प्रश्नामागची हकीकत थोडक्यात सांगतो. मी लिहिण्याचे काम रात्री करतो आणि आमचा संगणक झोपायच्या खोलीत आहे. पांढऱ्या पडद्यासमोर मी बसलो की पलंगावरून आवाज येतो, "फ्रीज उघडा टाकून बसल्यासारखे काय बसलाय?" काळा पडदा दिवसा चालत नाही, कारण खिडकीच्या उजेडात त्यात मजकुराऐवजी मला माझाच चेहरा दिसतो, आणि तो बघत काम होण्याचे माझे वय राहिलेले नाही. म्हणून सकाळी उजेड आणि रात्री अंधार. ही अदलाबदल करायला विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग पर्सनलायझेशन, मग कलर्स, मग मोड अशी यात्रा करावी लागते आणि अंधाराकडे जाणारी ही सगळी वाट पांढऱ्याशुभ्र उजेडातून जाते. एका दाबात काम होईल अशी कळ आपली आपण घडवावी लागते.

ती मी भाच्याला फोनवर धरून घडवली. विंडोज आपल्या आवडीनिवडी ज्या वहीत टिपून ठेवते त्या रजिस्ट्रीमध्ये दोन नोंदी असतात, एक ॲपसाठी आणि एक खुद्द विंडोजसाठी. १ म्हणजे उजेड आणि ० म्हणजे अंधार. १ असेल तेथे ० करायचा आणि ० असेल तेथे १, एवढे एकच काम करणारी चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकमांची चिठ्ठी, लिहायची होती. पहिल्या दिवशी मी एकच नोंद बदलली, त्यामुळे खिडक्या काळ्या झाल्या आणि खालची पट्टी तशीच राहिली, म्हणजे काळ्या चंद्रकळेला पांढरा काठ. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टवर दोनदा टिचकी मारली, तर चालण्याऐवजी ती नोटपॅडमध्ये उघडली आणि स्वतःचाच मजकूर मला वाचायला देऊन बसली. असे हुकूम चालवण्याच्या पॉवरशेल नावाच्या खिडकीतून चालवायला गेलो, तर या यंत्रावर स्क्रिप्ट चालवण्यास मनाई असल्याचे लाल अक्षरांत कळले. माझ्याच घरात माझ्याच अंधाराला परवानगी नाही! या मनाईवरचा उपाय म्हणून भाच्याने 'बायपास' असा शब्द सांगितला, तेव्हा पलंगावरची व्यक्ती ताडकन उठून बसली, कारण आमच्या वयात हा शब्द रात्री अकरा वाजता फोनवर ऐकू येणे बरे नसते.

शेवटी डेस्कटॉपवर त्या स्क्रिप्टचा शॉर्टकट ठेवला, त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या 'शॉर्टकट की' या चौकटीत डार्कचा डी दाबला आणि कंट्रोल व ऑल्ट त्याच्या मागे आपोआप येऊन उभे राहिले. वर्डलाही सिस्टिमचा रंग तोच तुझा रंग, असे बजावून ठेवले. कळ दाबली की यंत्र दोन-तीन सेकंद विचार करायचे, पण करायचे. चार महिने मी सुखात होतो.

मग गणपती आले. गणपतीच्या आधी आमच्याकडे माळ्यापासून मोरीपर्यंत सगळे आवरले जाते. या वर्षी त्या लाटेत संगणकही आला आणि डेस्कटॉपवर पसरलेली सगळी चित्रे उचलून डी ड्राइव्हवरच्या 'सटरफटर' नावाच्या फोल्डरमध्ये गेली. अशा शॉर्टकटची कळ तो डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेन्यूत असेपर्यंतच जिवंत असते, हे आवरणारीला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. कंट्रोल, ऑल्ट आणि डी हे तिघे वर्डमध्ये मुळात अंत्यटीप, म्हणजे मजकुरात बारीक आकडा आणि दस्तऐवजाच्या शेवटी त्याची टीप, घालण्याच्या नोकरीवर आहेत, हेही मला ठाऊक नव्हते. चार महिने माझा शॉर्टकट त्यांना मध्येच अडवत होता; तो सटरफटरमध्ये जाताच ते आपल्या मूळ कामावर रुजू झाले.

त्या रात्री मी इतिवृत्त लिहीत होतो. कळ दाबली, अंधार होईना. यंत्र विचार करत असेल म्हणून थांबलो, पुन्हा दाबली. दर वेळी पान सर्रकन दस्तऐवजाच्या शेवटाला जाऊन उभे राहायचे आणि मी त्याला पुन्हा वर आणायचो. चष्मा दिवाणखान्यात होता, तो आणायला जाण्याइतका उत्साह अंगात नव्हता. एकदा तर कळफलक तरी जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी मनात जे होते तेच टंकून पाहिले. असे ११ वेळा झाले. दुसऱ्या दिवशी ३२ प्रती झेरॉक्स करून ३२ दारांखालून सरकवल्या.

"हे बघा," खजिनदारांनी पाने मांडीवर पसरली. ते ऑडिटमधून निवृत्त झालेले आहेत; कागद समोर आला की त्यांचा उजवा हात आपोआप पेनाकडे जातो. "अध्यक्षांनी सभासदांचे स्वागत केले, आणि वर बारीक अक्षरात काय? आय. आय म्हणजे उत्पन्न. स्वागतातून उत्पन्न?"

"काका, ती टीप आहे. रोमन एक."

"मग खाली व्यय कुठाय?"

"खाली काहीच नाहीये."

"तेच म्हणतोय मी. आय दाखवलीय, व्यय दाखवलेला नाही. पुढे दोनदा आय, मग तीनदा आय. आणि माझं नाव जिथे आलंय, खजिनदारांनी वार्षिक हिशेब सभेपुढे मांडला, तिथे आयव्ही. हिशेब अतिदक्षता विभागात आहे का?"

मी त्यांना सगळे समजावून सांगितले. डार्क मोड म्हणजे पडदा काळा आणि अक्षरे पांढरी.

"म्हणजे फळा," काका म्हणाले.

"हो, तसंच."

"मग त्यासाठी एवढी यातायात? आमच्या शाळेत होता की. पण डीच कशाला? अंधाराचा अ घ्यायचा. तुम्ही मराठीत इतिवृत्त लिहिता आणि अंधार इंग्रजीत करता."

या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण काकांनी नववे पान काढले, तेव्हा मला खरा घाम फुटला. तेथे ११ टिपांचे आकडे एकाखाली एक उभे होते, त्यातल्या दहांसमोर काही नव्हते आणि चौथ्यासमोर स्वच्छ अक्षरांत छापलेले होते: 'हो की रे काळा एकदाचा!'

"माझ्या हिशेबाला ही टीप," काका अत्यंत शांतपणे म्हणाले. "काळा. ३२ घरांत वाटलीत."

"काका, ते मी पडद्याला म्हणत होतो."

"पडदा छापलेला नाहीये. कागद पांढराच आहे. काळा आहे तो फक्त हिशेब."

आतून चहा आला आणि चहाबरोबर हसण्याचा दाबलेला आवाजही आला. मला मात्र हसू येत नव्हते. तीन वर्षे मी हे बिनपगारी सेक्रेटरीपण करतो आहे, कारण दर सभेत नवे नाव सुचवा म्हटले की सगळे सभासद पंख्याकडे बघू लागतात. गच्चीच्या गळतीचा ठराव याच इतिवृत्ताच्या पाचव्या पानावर आहे. त्यासाठी मी तीन कंत्राटदारांचे दर आणले, स्वतः गच्चीवर जाऊन मोजमाप घेतले आणि प्रत्येकाचे किती पैसे येतील तेही मांडले. त्या पानावर काकांच्या लाल पेनाचा ठिपकासुद्धा नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी फोन केला, तोही 'ते काळा प्रकरण काय आहे' हे विचारायला. त्यांच्याच छतातून पाणी गळते आहे. ३२ घरांनी नऊ पानांतून नेमके तेवढेच वाचले, जे मी लिहिलेच नव्हते.

"मी टिपा काढून नवीन प्रती देतो," मी म्हटले.

"असं कसं? वाटलेलं इतिवृत्त. आता दुरुस्ती पुढच्या सर्वसाधारण सभेत, सभासदांच्या मंजुरीनं," काका म्हणाले. "पण जागा अशी मोकळी ठेवता येत नाही. उद्या कुणी काहीही भरेल." त्यांनी पेनाचे टोपण काढले, दहाही रिकाम्या टिपांसमोर सावकाश, वळणदार अक्षरात 'निरंक' असे लिहून प्रत्येकीखाली सही केली, आणि चौथीसमोर लिहिले, 'सेक्रेटरींनी खुलासा करावा.'